‘ऑफन’ म्हणजे महिन्यातून किती वेळा?

मोठेपणी इंग्रजी सुधारायला बसलेल्या माणसांचे प्रश्न शाळकरी मुलांपेक्षा वेगळे असतात. मुलं विचारतात, परीक्षेत काय लिहायचं. मोठी माणसं विचारतात, ‘ऑफन’ आणि ‘फ्रीक्वेंटली’ यांत फरक काय? शब्दकोशात दोन्हींपुढे ‘वारंवार, पुष्कळदा’ असंच छापलेलं असतं. मग पाठोपाठ येतं : ‘युज्वली’ जास्त की ‘ऑफन’ जास्त? आणि वर्गात एखादे हिशेबखात्यातले गृहस्थ असतील, तर ते थेट आकडाच मागतात. ‘ऑफन’ म्हणजे महिन्यातून किती वेळा, तेवढं सांगा.

हा शेवटचा प्रश्न ऐकून बाकीचे हसतात. पण तीन प्रश्नांतला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे, आणि मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी तो गंभीरपणे हाताळलेला आहे. तिथूनच सुरुवात करू.

१. भिंतीवरचा तक्ता

क्रिया कशी, कुठे, केव्हा घडते हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण, एवढं शाळेपासून डोक्यात असतं. त्यातलाच एक छोटा गट ‘किती वेळा’ याचं उत्तर देतो. व्याकरणाची पुस्तकं त्याला वारंवारतादर्शक क्रियाविशेषणं म्हणतात. नाव जड आहे, शब्द रोजचे आहेत : ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर. आपल्याकडचे नेहमी, बहुतेक वेळा, पुष्कळदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही हे त्यांचेच भाऊबंद.

शिकवण्याच्या पुस्तकांत यांचा एक तक्ता असतो. वर ऑलवेज, शंभर टक्के. तळाला नेव्हर, शून्य टक्के. मधल्या शब्दांना नव्वद, सत्तर, पन्नास, दहा असे आकडे वाटून दिलेले. एका महिन्याचं उदाहरण घेऊ. एक गृहस्थ सकाळी फिरायला जातात. तिसांपैकी तीसही दिवस गेले तर ऑलवेज. सव्वीस दिवस गेले तर युज्वली, म्हणजे जाण्याचा परिपाठ आहे आणि चार दिवस तो मोडला. अठरा-वीस दिवस गेले तर ऑफन. चौदा-पंधरा दिवस गेले तर समटाइम्स. एक-दोनदाच गेले तर रेअरली. गेलेच नाहीत तर नेव्हर.

नवशिक्याला हा तक्ता उपयोगी आहे. निदान वरचा कोण आणि खालचा कोण हे कळतं. पण तो खरा मानला की पुढची गंमत हातातून निसटते.

२. लोकांना आकडे विचारले तेव्हा

१९४४ मध्ये सिम्पसन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने शाळा-कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना असे वीस शब्द दिले आणि विचारलं, शंभरपैकी किती वेळा घडलं तर तुम्ही हा शब्द वापराल? १९६८ मध्ये मिल्टन हॅकल यांनी तोच प्रयोग नव्या पिढीवर पुन्हा केला आणि निबंधाला नावच दिलं, ‘ऑफन’ म्हणजे किती ऑफन? दोन्ही वेळा शब्दांचा क्रम जवळजवळ सारखाच निघाला. ‘ऑफन’ला शंभरपैकी सत्तरच्या वर, ‘युज्वली’ला त्याच्याहून थोडं अधिक, ‘सेल्डम’ला दहाच्या आसपास. दोन प्रयोगांत जवळजवळ पाव शतकाचं अंतर आहे हे ध्यानात घेतलं तर क्रमाचं हे सातत्य नजरेत भरतं.

हे झालं मधोमध पडणाऱ्या उत्तरांचं. एकेकट्या माणसांची उत्तरं पाहिली तर चित्र विस्कटतं. एकाचं ‘ऑफन’ दुसऱ्याच्या ‘समटाइम्स’पाशी जाऊन बसतं. मधल्या शब्दांत ही ओढाताण जास्त, दोन टोकांना कमी. साहजिकच आहे. ‘कधीच नाही’बद्दल मतभेदाला जागा किती असणार?

१९७४ मध्ये पेपर आणि प्रिटुलॅक या दोघांनी आणखी एक पायरी पुढे टाकली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकाचा अर्थच असा होता की कधीकधी ‘फ्रीक्वेंटली’ म्हणजे ‘सेल्डम’ असतं. जी गोष्ट मुळातच सारखी घडते, तिच्या संदर्भात लोक या शब्दाला मोठा आकडा देतात. विमान अपघातासारख्या विरळ गोष्टीच्या संदर्भात त्याच शब्दाचा आकडा पार खाली येतो. शब्द एकच, पण कशाबद्दल बोलतोय त्यावर त्याचं माप बदलतं.

पाककृतीच्या पुस्तकात ‘मीठ चवीपुरतं’ लिहिलेलं असतं ना, तसंच हे. भाजीला चवीपुरतं वेगळं आणि लोणच्याला चवीपुरतं वेगळं. ते किती, हे पदार्थ ठरवतो.

म्हणून हिशेबखात्यातल्या गृहस्थांना द्यायचं उत्तर असं : ‘ऑफन’ म्हणजे ऐकणाऱ्याने जेवढी अपेक्षा धरली असती त्यापेक्षा जास्त वेळा. ‘माय ग्रँडमदर ऑफन गोज टू द सिनेमा’, हे वाक्य आजी महिन्यातून दोनदा सिनेमाला जात असली तरी खरं आहे. कारण आजी इतक्यांदा जाईल असं आपण धरलेलं नसतं. याउलट ‘ही ऑफन ब्रशेस हिज टीथ’ म्हणून पाहा. तो महिन्यातले पंचवीस दिवस दात घासत असला तरी ऐकणारा चार पावलं मागे सरकेल, कारण तिथे अपेक्षा तीस दिवसांची आहे. पंचवीस या आकड्याने एकीकडे कौतुक झालं असतं आणि इथे अब्रू गेली.

हे एकदा कळलं की पुढचे बरेच गुंते आपोआप सुटतात.

३. समानार्थी शब्द, पण घराणी दोन

आता ‘ऑफन’ आणि ‘फ्रीक्वेंटली’. आकड्यांच्या प्रयोगांत हे दोघं जवळजवळ शेजारी निघाले. तेव्हा फरक संख्येत शोधू नये, तो बोलण्याच्या ढंगात आहे.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच राहिली. शेतातल्या आणि स्वयंपाकघरातल्या इंग्रजीवर लॅटिन-फ्रेंच शब्दांचा दुसरा थर चढला. ऑफन, ऑलवेज, नेव्हर, सेल्डम हे जुन्या घरातले शब्द. फ्रीक्वेंटली, ऑकेजनली, रेअरली, युज्वली, जनरली हे लॅटिन मुळाचे. त्यामुळे एकाच अर्थाला दोन-दोन शब्द मिळाले, एक अंगणातला आणि एक कचेरीतला. ‘ही ऑफन कम्स लेट’ हे शेजाऱ्याशी बोलताना. ‘द एम्प्लॉयी हॅज फ्रीक्वेंटली रिपोर्टेड लेट’ हे मेमोमध्ये. आपणही बोलताना ‘वरचेवर उशिरा येतो’ म्हणतो आणि ताकीदपत्रात ‘वारंवार विलंबाने उपस्थित राहतात’ लिहितो. तोच प्रकार.

पण हा नियम दोन ठिकाणी फसतो, आणि मराठी माणूस नेमका तिथेच अडकतो. पहिलं, ‘युज्वली’ मूळचा लॅटिन असूनही आज अगदी घरगुती झालेला आहे. त्यात कचेरीचा वास उरलेला नाही. दुसरं, ‘सेल्डम’ जुन्या घरातला असूनही आज पुस्तकी झाला आहे. आपल्याकडे शाळेत तो इतका घोटून घेतात की माणूस चहा पिता पिता ‘आय सेल्डम वॉच टीव्ही’ म्हणून जातो. चूक काहीच नाही. मात्र लंडन-न्यूयॉर्ककडची माणसं गप्पांत त्याऐवजी बहुधा ‘आय डोन्ट वॉच मच टीव्ही’ किंवा ‘आय हार्डली एव्हर वॉच टीव्ही’ म्हणतील. तर्खडकरांच्या जुन्या भाषांतर पाठमाला घोकून आलेलं ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणून आपल्याकडे जी थट्टा होते, ती अशाच शब्दांवरून. व्याकरण बिनचूक, पण शब्दाला इस्त्री जरा जास्तच कडक.

‘युज्वली’, ‘नॉर्मली’, ‘जनरली’ हे तिघं बरेचदा एकमेकांच्या जागी चालतात, पण तिघांचा कल वेगळा. ‘युज्वली’त सवय आहे : मी सहसा सातच्या लोकलने जातो. ‘नॉर्मली’त ‘एरवी’ दडलेला आहे : एरवी सातची पकडतो, आज मात्र चुकली. त्यामुळे ‘नॉर्मली’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट पाहतो. ‘जनरली’ एकट्याच्या सवयीपेक्षा सगळ्यांच्या रीतीकडे झुकतो : या मार्गावर गाड्या साधारणपणे वेळेवर असतात. ‘अ‍ॅज अ रूल’ हा शब्दसमूह ऐकून काही लोकांना वाटतं कुठलातरी कायदा आहे. तसं काही नाही, त्याचाही अर्थ ‘सहसा’ एवढाच.

‘मोअर ऑफन दॅन नॉट’ हा मात्र या सगळ्यांत हिशेबी गडी. न होण्यापेक्षा होण्याच्या वेळा जास्त, म्हणजे निम्म्याहून अधिक. निम्मी रेघ स्वतःच आखून देणारे शब्द विरळा.

मधल्या पायरीवर गर्दी फार आहे : समटाइम्स, ऑकेजनली, नाऊ अँड देन, फ्रॉम टाइम टू टाइम, वन्स इन अ व्हाइल, ऑफ अँड ऑन. ‘समटाइम्स’ सर्वांत निरुपद्रवी, कुठेही चालणारा. ‘ऑकेजनली’त थोडी विरळता आणि थोडी सभ्यता आहे. दारू पिता का, या प्रश्नावर ‘समटाइम्स’ म्हणणारा आणि ‘ऑकेजनली’ म्हणणारा एकाच प्रमाणात पीत असू शकतात, पण दुसरा सूटबूट घालून उत्तर देतोय. ‘नाऊ अँड देन’ म्हणजे अधूनमधून, काही नेम नाही. ‘ऑफ अँड ऑन’मध्ये खंड महत्त्वाचा : सुरू केलं, सोडलं, पुन्हा धरलं. योगासनं आणि डाएट यांच्यासाठीच जणू हा शब्द घडवला आहे.

आणि एक इशारा, ‘रेग्युलरली’ म्हणजे ‘ऑफन’ नव्हे. लीप वर्ष साधारण दर चार वर्षांनी येतं. ते रेग्युलरली येतं, ऑफन येत नाही. नियमितपणा म्हणजे ठरल्या अंतराने येणं. ते अंतर मोठं की लहान याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

४. मध्येच एक शंका : ऑफन की ऑफ्टन?

ही शंका कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून उरकून टाकू. स्पेलिंगमध्ये ‘टी’ आहे, मग म्हणायचा की नाही?

‘लिसन’, ‘सॉफन’, ‘फासन’ या शब्दांतही ‘टी’ लिहितात आणि उच्चारत नाहीत. ‘ऑफन’चंही तेच झालं, काही शतकांपूर्वी बोलण्यातून तो ‘टी’ गळला. पुढे साक्षरता वाढली, लोक छापील अक्षरं पाहून बोलू लागले आणि काहींच्या तोंडी तो परत आला. आजचे शब्दकोश दोन्ही उच्चार देतात. तेव्हा कुणी ‘ऑफ्टन’ म्हटलं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, आणि ‘ऑफन’ म्हणणाऱ्याला अडाणी समजायचं तर मुळीच नाही.

गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीच्या ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या १८७९ च्या संगीतिकेत या उच्चारावर अख्खा एक विनोदी प्रवेश बेतलेला आहे. मेजर जनरल समुद्री चाच्यांच्या राजाला अनाथपणाबद्दल विचारत असतो, म्हणजे ‘ऑर्फन’. ब्रिटिश उच्चारात ‘र’ गिळला जातो, त्यामुळे चाच्याला ऐकू येतं ‘ऑफन’. दोघं बराच वेळ आपापल्या शब्दावर ठाम राहून गोंधळ घालतात. त्या काळच्या प्रेक्षकांच्या कानात ‘ऑफन’मधला ‘टी’ असता तर हा विनोद उभाच राहिला नसता.

५. नकाराचं टोक

मराठीत आपण ‘कधीच’ म्हणतो आणि वर ‘नाही’ही म्हणतो. ‘मी कधीच खोटं बोलत नाही.’ दोन्ही हवेत. नुसतं ‘मी कधीच खोटं बोलतो’ म्हटलं तर वाक्य लंगडतं. इंग्रजीत ‘नेव्हर’च्या पोटातच नकार आहे. म्हणून ‘आय नेव्हर टेल लाइज’ पुरे. ‘आय नेव्हर डोन्ट टेल लाइज’ म्हटलं की नकाराला नकार भिडतो आणि अर्थ होतो, मी खोटं बोलल्याशिवाय राहत नाही.

हाच नियम ‘सेल्डम’, ‘रेअरली’, ‘हार्डली एव्हर’ यांनाही लागू. दिसायला नकार दिसत नाही, पण आत आहे. तो ओळखायची एक सोपी कसोटी सांगतो. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी ‘हो ना?’सारखं छोटं शेपूट जोडतात. होकारी वाक्याला नकारी शेपूट, नकारी वाक्याला होकारी. ‘ही ऑफन कम्स, डझन्ट ही?’ पण ‘ही नेव्हर कम्स, डझ ही?’ आणि ‘ही हार्डली एव्हर कम्स, डझ ही?’ शेपूट होकारी आलं याचा अर्थ आधीचं वाक्य इंग्रजी कानाला नकारीच वाटलं.

‘हार्डली’ची दुसरी खोड तर नोकरी घालवण्याइतकी गंभीर आहे. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने, मग त्याचं क्रियाविशेषण ‘हार्डली’ असणार, हा तर्क स्वाभाविक वाटतो आणि तो साफ चूक आहे. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो खूप राबतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काम करतो. शिफारसपत्रात पहिल्याऐवजी दुसरं लिहिलं तर साहेबांनी सद्‌भावनेने दिलेलं पत्रच उमेदवाराच्या मुळावर येतं.

‘नेव्हर’पासून ‘हार्डली एव्हर’पर्यंतचं अंतर किती, हे पुन्हा गिल्बर्ट-सलिव्हन यांनीच दाखवून ठेवलंय. १८७८ च्या ‘एच.एम.एस. पिनाफोर’मध्ये जहाजाचा कप्तान फुशारकी मारतो की आपल्याला समुद्र कधीच लागत नाही. खलाशी एकसाथ विचारतात, काय सांगता, कधीच नाही? तो पुन्हा छातीठोकपणे सांगतो. खलाशी परत तेच विचारतात. मग मात्र तो एक पायरी खाली उतरून ‘हार्डली एव्हर’वर येतो. तेवढ्या दोन शब्दांत कप्तानाचं सगळं पाणी कळतं. ‘नेव्हर’ हा शब्द एका अपवादानेही फुटतो, म्हणून जपून बोलणारी इंग्रज माणसं तिथे ‘हार्डली एव्हर’ किंवा ‘ऑलमोस्ट नेव्हर’ची गादी घालतात. ‘ऑलवेज’चं तेच. ‘ऑलमोस्ट ऑलवेज’ म्हटलं की उद्या कुणी अपवाद दाखवला तरी फजिती नाही.

६. शब्द बसवायचा कुठे

मराठीत ‘मी नेहमी सकाळी चहा घेतो’, ‘सकाळी मी नेहमी चहा घेतो’, ‘सकाळी चहा घेतो मी नेहमी’, काहीही चालतं. इंग्रजी इथे फारच शिस्तीची. ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणात (त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले आणि पुढे ‘बो जेस्ट’ या १९२४ च्या कादंबरीमुळे गाजलेले गृहस्थ) या जागेचे धडे अनेकांनी गिरवले असतील. त्याचा सारांश तीन ओळींत मावतो.

क्रियापद एकटं असेल तर शब्द त्याच्या आधी : ‘आय ऑलवेज टेक टी’.
‘अ‍ॅम, इज, आर, वॉज, वर’ असेल तर त्याच्यानंतर : ‘शी इज ऑलवेज लेट’.
सहायक आणि मुख्य अशी दोन क्रियापदं असतील तर दोघांच्या मध्ये : ‘आय हॅव नेव्हर सीन स्नो’.

युज्वली, समटाइम्स, ऑकेजनली यांना सुरुवातीला बसवलं तरी चालतं : ‘समटाइम्स वी ईट आउट’. ऑलवेज आणि नेव्हर यांना ती मुभा सहसा नाही. अपवाद आज्ञेचा : ‘ऑलवेज वेअर अ हेल्मेट’. नेव्हर, सेल्डम, रेअरली यांना मुद्दाम जोर देऊन पुढे आणलंच, तर मागची फळी उलटी फिरते, प्रश्नार्थक वाक्यासारखी : ‘सेल्डम डझ ही कम लेट’. भाषणात शोभतं, दूधवाल्याविषयी बोलताना नाही.

जागेने अर्थ कसा उलटतो, याचं एक उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. ‘आय ऑफन डोन्ट हॅव ब्रेकफस्ट’ आणि ‘आय डोन्ट ऑफन हॅव ब्रेकफस्ट’. शब्द तेच, दोन शब्दांची अदलाबदल. पहिल्याचा अर्थ : पुष्कळ दिवस माझी न्याहारी चुकते. महिन्यातले बारा दिवस चुकली तरी हे वाक्य खरं, म्हणजे अठरा दिवस मी खातोच आहे. दुसऱ्याचा अर्थ : न्याहारी मी फारशी करत नाही, महिन्यातून चार-पाचदा झाली तर झाली. एकीकडे अठरा न्याहाऱ्या आणि दुसरीकडे पाच. आहारतज्ज्ञापुढे बसून चुकीचं वाक्य बोललं तर सल्लाही चुकीचाच मिळायचा. नियम असा की नकार ज्याच्या आधी येतो, त्यालाच खातो. ‘डोन्ट ऑफन’मध्ये तो ‘ऑफन’ला खातो. ‘ऑफन डोन्ट’मध्ये ‘ऑफन’ सुटतो आणि नकार खाण्यावर बसतो.

‘युज्वली’ला मात्र हा फरक पडत नाही. ‘आय युज्वली डोन्ट’ आणि ‘आय डोन्ट युज्वली’, दोन्हींचा अर्थ ‘मी सहसा करत नाही’. आपला ‘सहसा’ही नकाराशीच अधिक रमतो, त्यामुळे मराठी माणूस इथे आपसूक बरोबर असतो.

७. तक्रारीचा ऑलवेज

‘यू ऑलवेज लूज युवर कीज’ आणि ‘यू आर ऑलवेज लूजिंग युवर कीज’. पहिलं नुसतं निरीक्षण आहे. दुसऱ्यात वैताग आहे. चालू काळाच्या रूपाबरोबर ‘ऑलवेज’, ‘कॉन्स्टंटली’, ‘फॉरएव्हर’ आले की इंग्रजी वाक्यात कपाळावरची आठी उमटते. मराठीत हे काम ‘सारखा’ करतो : सारखा किल्ल्या हरवत असतोस! त्याहून चढा सूर हवा असेल तर ‘उठसूट’ आहेच.

अशा वाक्यात ‘ऑलवेज’चा शंभर टक्क्यांशी काही संबंध नसतो. वर्षातून चारदा किल्ल्या हरवल्या असतील. पण बोलणाऱ्याच्या लेखी एकदाही हरवायला नको होत्या. पुन्हा अपेक्षेचाच हिशेब. म्हणून घरच्या भांडणात ‘यू नेव्हर लिसन’ला ‘गेल्या मंगळवारी ऐकलं होतं’ असं उत्तर देणारा नवरा पुराव्याने जिंकतो आणि बाकी सगळ्या बाबतींत हरतो.

८. जिथे मोजूनच सांगावं लागतं

काही शब्द मात्र खरोखर मोजतात : डेली, वीकली, ट्वाइस अ वीक, एव्हरी टू अवर्स. यांची जागा बहुधा वाक्याच्या शेवटी असते : ‘आय टेक धिस टॅब्लेट ट्वाइस अ डे’. आपल्याकडे ‘डेली आय गो बाय ट्रेन’ असं ऐकू येतं. समजतं, पण इंग्रजी कानाला ‘आय गो बाय ट्रेन एव्हरी डे’ सरळ वाटतं. ‘थ्राइस’ हा भारतात रोजच्या वापरातला शब्द. ब्रिटन-अमेरिकेत मात्र तो जुन्या पुस्तकांत उरला, बोलताना ते ‘थ्री टाइम्स’ म्हणतात.

घात होतो तो ‘एव्हरी अदर डे’ने. त्याचा अर्थ दिवसाआड, म्हणजे तीस दिवसांत पंधरा गोळ्या. ‘द अदर डे’ म्हणजे मात्र परवा, मागे एकदा. दोघांत ‘अदर’ आहे म्हणून सरमिसळ करू नये, विशेषतः औषधाच्या बाटलीवर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे ‘बीडी’ आणि ‘टीडीएस’ हे लॅटिन शब्दांचे संक्षेप, म्हणजे दिवसातून दोनदा आणि तीनदा. औषधांच्या दुकानातले लोक पाकिटावर १-०-१ लिहून देतात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. भाषा कुठलीही असो, हे कळतं.

‘बाय-मंथली’ हा तर इंग्रजीने स्वतःच घालून ठेवलेला घोळ. महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा? शब्दकोश दोन्ही अर्थ देतात. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण २०१४ पासून बाय-मंथली झालं ते दुसऱ्या अर्थाने, म्हणून मराठी वर्तमानपत्रं त्याला ‘द्वैमासिक’ म्हणतात आणि शंकेला जागाच ठेवत नाहीत. तुम्हाला पत्रात हा शब्द वापरायचा मोह झाला तर टाळा. ‘एव्हरी टू मंथ्स’ किंवा ‘ट्वाइस अ मंथ’ लिहा.

वैद्यकातल्या लोकांना ‘ऑफन’ची ढिलाई परवडत नाही, म्हणून काही प्रश्नावल्यांच्या उत्तरांतून त्यांनी तो काढूनच टाकला. नैराश्याची तीव्रता जोखण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी घ्या. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती जाणवला, या प्रश्नाला तिथे चार पर्याय असतात : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. काळ ठरवून दिलेला आणि उत्तर दिवसांत. दारूविषयीची जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ प्रश्नावली पहिल्याच प्रश्नात महिन्यातून किती, आठवड्यातून किती, असे पर्याय पुढे ठेवते. तिथे ‘ऑकेजनली’ म्हणून सुटका नाही.

औषधांच्या दुष्परिणामांची गोष्ट तर याहून उद्‌बोधक आहे. युरोपातल्या माहितीपत्रकांत या शब्दांना ठरलेले आकडे आहेत. ‘व्हेरी कॉमन’ म्हणजे दहांत एकाहून अधिक जणांना होणारा त्रास. ‘कॉमन’ म्हणजे दहांत एकापर्यंत. ‘अनकॉमन’ शंभरात एकापर्यंत, ‘रेअर’ हजारात एकापर्यंत आणि ‘व्हेरी रेअर’ दहा हजारांत एकापर्यंत. आता ‘कॉमन’ हा शब्द वाचून घाबरणारा रुग्ण काय समजतो? निम्म्या लोकांना तरी होत असेल! शंभरातल्या दोघांना होत असला तरी त्या यादीत तो ‘कॉमन’च असतो. गोळी टाकून देण्याआधी पत्रकात पुढे छापलेला आकडा पाहावा.

९. ब्लू मून : सर्वांत विरळ, पण मोजता येणारा

राहता राहिला ‘वन्स इन अ ब्लू मून’. अर्थ : कधी नव्हे ते, फार क्वचित. इंग्रजीत हा वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकापासून रुळलेला आहे आणि मुळात त्याला कसलंच गणित चिकटलेलं नव्हतं. चंद्र निळा दिसणं हेच इतकं दुर्मीळ की तेवढं बोलणं पुरे.

गणित आलं ते चुकीतून. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ब्लू मून म्हणायचं, ही व्याख्या १९४६ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकन मासिकातल्या एका लेखाने रूढ केली. लेखकाने जुन्या पंचांगातल्या वेगळ्याच नियमाचा चुकीचा अर्थ लावला होता. चूक सोपी होती, म्हणून तीच टिकली.

या चुकीमुळे मात्र त्या मोघम वाक्प्रचाराला आकडा मिळाला, आणि तो मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. एकोणीस वर्षांत सौर महिने २२८ आणि पौर्णिमा २३५. सात पौर्णिमा जास्तीच्या. त्यांना कुठल्या ना कुठल्या महिन्यात दुसरी म्हणून बसावंच लागतं. म्हणजे एकोणीस वर्षांत साधारण सात ब्लू मून, सरासरी पावणेतीन वर्षांनी एक. आपल्या पंचांगात हेच सात जास्तीचे चांद्रमास अधिक मास म्हणून घालतात. धोंड्याचा महिना ज्या हिशेबाने येतो, त्याच हिशेबाने ब्लू मून येतो. दोघांची वारंवारता एक.

तेव्हा जावई धोंड्याच्या महिन्यात अनारशाचं वाण घ्यायला येतो, तो इंग्रजीच्या हिशेबाने अगदी काटेकोरपणे ‘वन्स इन अ ब्लू मून’ येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण १६ ऑगस्टला संपला आणि ३१ ऑगस्टला ब्लू मून होता. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आणि त्याच्या मधोमध, ३१ मेची पौर्णिमा ही मे महिन्यातली दुसरी.